शंका-समाधान : पिवळ्या-हिरव्या झेंड्यामागचा देश

फुटबॉलच्या विश्वचषकाचे वारे वाहू लागले की कोल्हापूरच्या पेठांमध्ये दोन परदेशांचे झेंडे चढतात आणि कट्ट्याकट्ट्यावर वाद रंगतात, हे नव्याने सांगायला नको. अर्जेंटिनावाल्यांनी राग मानू नये. परंतु या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे ब्राझीलविषयीची निघाली आणि त्यांतील प्रश्न केवळ खेळाचे नव्हते. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच देशाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या मंडळासमोर ब्राझीलचा मोठा झेंडा लावला आहे. हिरवा म्हणजे जंगल आणि पिवळा म्हणजे सोने, असे आम्ही सगळ्यांना सांगतो. हे बरोबर आहे का? आणि मधल्या निळ्या गोलावर काय लिहिले आहे? (एक खेळाडू, शिवाजी पेठ)

उत्तर : आपण सांगता तो अर्थ खुद्द ब्राझीलमध्येही शाळेत सांगितला जातो, त्यामुळे आपल्याला दोष देता येणार नाही, मात्र मूळ अर्थ वेगळा आहे. १८२२ साली ब्राझील पोर्तुगालपासून वेगळा झाला तेव्हा तेथे प्रजासत्ताक आले नाही, तर सम्राट आला. त्या पहिल्या सम्राटाचे, दोम पेद्रोचे, घराणे ब्रागांझा आणि त्या घराण्याचा रंग हिरवा. त्याची पत्नी लिओपोल्दिना ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्यातली आणि त्या घराण्याचा रंग पिवळा. म्हणजे पेठेत फडकतो तो एका अर्थी राजघराण्यांच्या सोयरिकीचा झेंडा आहे. १५ नोव्हेंबर १८८९ रोजी राजेशाही गेली, तेव्हा नव्या प्रजासत्ताकाने हिरवी भूमी व पिवळा समभुज चौकोन तसाच ठेवला आणि मधले राजचिन्ह काढून त्या जागी रिओ दे जानेरोवरचे त्या सकाळचे आकाश घातले. आज त्यात २७ तारे आहेत : २६ राज्यांचे आणि एक राजधानीच्या प्रदेशाचा. पट्टीवरील शब्दांचा अर्थ ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ असा आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत याच्या ज्या वचनावरून ते घेतले, त्यात सर्वांत आधी ‘प्रेम’ होते. झेंड्यावर येताना तेवढे नेमके गळाले.

जर्सीचेही सांगून टाकतो. १९५० सालापर्यंत ब्राझीलचा संघ पांढऱ्या पोशाखात खेळत असे. त्या वर्षी रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने त्यांना २-१ असे हरवले, साऱ्या देशाने जणू सुतक पाळले आणि पांढरा रंग अपशकुनी ठरला. पुढे एका वृत्तपत्राने झेंड्यातील चारही रंग वापरून नवा पोशाख सुचवण्याची स्पर्धा घेतली. ती जिंकणारा तरुण उरुग्वेच्या सीमेलगतच्या गावचा होता, हा योगायोग माराकानाच्या जखमेवर मीठ चोळणाराच म्हणावा लागेल.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. परंतु ‘अजस्र कडा’, ‘अवर्षण चतुष्कोन’ असे शब्द पाठ करूनही तिच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहत नाही. तिला समजेल असे सांगाल का? (एक पालक, राजारामपुरी)

उत्तर : चित्र उभे करण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. एका सुट्टीच्या दिवशी मुलीला गगनबावड्याला न्यावे आणि घाटमाथ्यावरून खाली कोकणाकडे पाहायला सांगावे. खाली अरुंद किनारपट्टी, समोर भिंतीसारखा उभा सह्याद्री, आणि मागे पूर्वेकडे हळूहळू उतरत जाणारे पठार. हेच चित्र आरशात धरावे, म्हणजे समुद्र पश्चिमेऐवजी पूर्वेला येईल. ब्राझीलचा अजस्र कडा तो हाच. तेथे त्याला सेरा दो मार, म्हणजे समुद्राची डोंगररांग, असे म्हणतात. साओ पावलो हे प्रचंड शहर त्या कड्याच्या माथ्यावर सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले आहे, तर त्याचे बंदर सांतोस खाली समुद्राला लागून आहे.

सह्याद्रीमुळे आपल्या नद्यांचे जे झाले तेच त्यांच्या नद्यांचेही झाले. कृष्णा महाबळेश्वरला, अरबी समुद्रापासून काही कोसांवर उगम पावते आणि त्या समुद्राकडे पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांची पंचगंगा होऊन तिला नृसिंहवाडीला गाठते. ब्राझीलची तिएते नदी तर अटलांटिकपासून अवघ्या २२ किलोमीटरवर उगम पावते आणि समुद्राऐवजी देशाच्या आत हजारभर किलोमीटर वाहत जाऊन पाराना नदीला मिळते. ही गोष्ट केवळ परीक्षेपुरती नाही. ज्या देशातील नद्या किनाऱ्याकडून आत जातात, त्या देशात किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाला नदीतून वर चढत आत शिरता येत नाही. आधी कडा चढावा लागतो. ब्राझीलची वस्ती शतकानुशतके किनाऱ्यालाच का चिकटून राहिली, याचे एक मोठे कारण येथे आहे.

दक्षिण ब्राझीलच्या पठाराखालचा खडकही आपल्या ओळखीचा आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांपासून फाटत असताना, सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी, तेथे लाव्हाचे थरावर थर पसरले. आपल्या दख्खनच्या पठारावर तसेच थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचले. आपल्याकडे त्या बेसॉल्टची झीज होऊन काळी माती झाली, तेथे जास्त पावसात गडद तांबडी झाली, आणि त्या तांबड्या मातीवर साओ पावलो व पाराना या राज्यांतील कॉफीचे मळे उभे राहिले.

आता उत्तरेकडे. ॲमेझॉनचे खोरे इतके सपाट आहे की समुद्रापासून सुमारे १,५०० किलोमीटर आत असलेल्या मनौस शहरापर्यंत समुद्रगामी जहाजे जातात. जगातील सर्व नद्या मिळून समुद्रात जेवढे पाणी ओततात, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटी ॲमेझॉन ओतते. मनौसजवळ काळ्या पाण्याची रिओ नेग्रो आणि गढूळ पाण्याची सोलिमोंइस यांचा संगम आहे. तेथे दोन्ही पाणी कित्येक किलोमीटर शेजारी शेजारी वाहते, पण मिसळत नाही. मात्र ॲमेझॉन म्हणजे ब्राझील नव्हे. मधल्या पठारावर खुरट्या झाडांचा आणि गवताचा सेराडो हा प्रदेश सुमारे २० लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे. पश्चिमेला पँटानल ही जगातील सर्वांत मोठी पाणथळ भूमी आहे. आणि ईशान्येला आहे तो अवर्षण चतुष्कोन, जेथील काटेरी रानाला कॅटिंगा, म्हणजे तेथील आदिवासींच्या भाषेत ‘पांढरे रान’, म्हणतात.

या चतुष्कोनाची एक गोष्ट मुलीला जरूर सांगावी. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्याच सुमारास, १८७७ ते १८७९ मध्ये, ब्राझीलच्या ईशान्येतही महादुष्काळ पडला आणि लाखो माणसे मेली. प्रशांत महासागरातील एकाच प्रबळ एल निनोचा हात दोन्हीकडे होता. आपण ज्याला आपल्या मुलखाचे दुर्दैव समजतो, ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला त्याच महिन्यांत कुणीतरी भोगत होते.

क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या अडीचपटीहून अधिक, आणि लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे २० कोटी ३० लाख. हे आकडे पुस्तकात आहेतच.

प्रश्न : दक्षिण अमेरिकेतील बाकीचे बहुतेक देश स्पॅनिश बोलतात, मग ब्राझीलच पोर्तुगीज का? आणि स्पेनच्या साम्राज्याचे इतके तुकडे झाले, तसे ब्राझीलचे का झाले नाहीत? (कायद्याचा एक विद्यार्थी, ताराबाई पार्क)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका करारात आहे, आणि ते कायद्याच्या विद्यार्थ्याला आवडावे. ७ जून १४९४ रोजी तोर्देसियास येथे स्पेन आणि पोर्तुगाल यांनी अटलांटिक महासागरात केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगवर (लीग हे तेव्हाचे अंतराचे माप) एक उभी रेषा कल्पिली : पूर्वेकडचे पोर्तुगालचे, पश्चिमेकडचे स्पेनचे. ज्यांची जमीन वाटून घेतली जात होती, त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. दक्षिण अमेरिकेचा पूर्वेला पुढे आलेला भाग त्या रेषेच्या पोर्तुगीज बाजूस पडला.

सहा वर्षांनी पेद्रो आल्वारेस काब्राल १३ जहाजे घेऊन निघाला तो कालिकतला, म्हणजे आपल्याकडे यायला. वाऱ्यांचा फायदा घेण्यासाठी तो अटलांटिकमध्ये फार पश्चिमेला वळला आणि २२ एप्रिल १५०० रोजी त्याला ब्राझीलचा किनारा दिसला. दहाएक दिवस थांबून तो पुढे निघाला आणि सप्टेंबरमध्ये कालिकतला पोचला. ब्राझील ही पोर्तुगिजांसाठी भारताच्या वाटेवरची एक विसाव्याची जागा होती, असे म्हटले तर ते सुरुवातीच्या तीस वर्षांपुरते अगदी खरे आहे. देशाचे नावही आपल्याच बाजूने गेलेले आहे. ज्याला आपण पतंग म्हणतो, त्या आशियातील झाडाच्या तांबडा रंग देणाऱ्या लाकडाला युरोपात ‘ब्राझील’ म्हणत. तसाच रंग देणारे झाड या नव्या किनाऱ्यावर सापडले, त्याला तेच नाव मिळाले आणि झाडावरून देशाला.

१५४९ मध्ये साल्वादोर ही राजधानी स्थापन झाली. तरीही वस्ती किनाऱ्यालाच होती. सतराव्या शतकातील एका फ्रान्सिस्कन इतिहासकाराने तक्रार केली की पोर्तुगीज लोक खेकड्यांसारखे किनारा खरवडत बसले आहेत. आत शिरले ते साओ पावलोचे लुटारू-शोधक, ज्यांना बांदेइरांते म्हणतात. मूळ रहिवाशांना गुलाम म्हणून पकडण्यासाठी ते तोर्देसियासची रेषा ओलांडून शेकडो कोस आत जात. १५८० ते १६४० या काळात दोन्ही देश एकाच राजाखाली असल्याने त्या रेषेची पत्रास कुणी ठेवलीही नाही. सतराव्या शतकाच्या शेवटी त्यांना मिनास जेराइस भागात सोने सापडले आणि १७२० च्या दशकात हिरे. जगाला हिरे पुरवण्याची गोवळकोंड्याची मक्तेदारी तेव्हाच मोडली. पुढे १७५० च्या माद्रिद कराराने ‘ज्याचा ताबा त्याची जमीन’ हे तत्त्व मान्य केले आणि नकाशावर आजचा ब्राझील बहुतांशी उमटला. ताबा कसा मिळवला, हे करारात विचारले गेले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेपोलियनकडे आहे. त्याचे सैन्य लिस्बनच्या वेशीवर आले तेव्हा, नोव्हेंबर १८०७ मध्ये, पोर्तुगालचा राजदरबार खजिना, कागदपत्रे आणि हजारो माणसांसह इंग्रजी आरमाराच्या संरक्षणात जहाजांवर चढला आणि रिओला येऊन राहिला. वसाहतीने राज्यकर्त्यांना आश्रय दिला आणि तिथूनच साम्राज्याचा कारभार चालू लागला, असे दुसरे उदाहरण शोधून सापडणे कठीण. स्पेनच्या राजाला मात्र नेपोलियनने कैदेत टाकले. सत्तेचे केंद्रच उरले नाही आणि त्याच्या वसाहती आपापल्या वाटेने गेल्या. रिओतील राजा १८२१ मध्ये परतला, मुलगा, म्हणजे वर आलेला दोम पेद्रो, मागे राहिला, आणि ७ सप्टेंबर १८२२ रोजी इपिरांगा ओढ्याकाठी त्याने स्वातंत्र्य घोषित केले. राजघराणे तेच, दरबार तोच, फक्त लिस्बनशी नाते तुटले. फुटण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १८२४ मध्ये ईशान्येत आणि १८३५ पासून दहा वर्षे दक्षिणेत बंडे झाली व मोडून काढली गेली. माझ्या मते एकसंधतेचे आणखी एक कारण कमी सांगितले जाते : सर्व प्रांतांतील जमीनदारांना गुलामगिरी टिकवायची होती आणि त्यासाठी त्यांना भक्कम मध्यवर्ती सत्ता हवी होती.

गोव्यातून पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले. म्हणजे ब्राझील सुटल्यानंतरही आपला शेजारी तब्बल १३९ वर्षे त्यांच्या ताब्यात होता.

प्रश्न : ब्राझीलमध्ये पाऊस कमी पडला की आपल्या साखरेचा भाव चढतो, असे कारखान्याच्या सभेत सांगतात. त्यांचा ऊस आपल्यापेक्षा वेगळा आहे का? (एक ऊस उत्पादक, शिरोळ तालुका)

उत्तर : ऊस तोच आहे, हिशेब वेगळा आहे. ब्राझील हा जगातील सर्वांत मोठा ऊस उत्पादक व साखर निर्यातदार, आणि आपण उत्पादनात दुसरे. त्यांच्या उसाचा सुमारे नऊ-दशांश वाटा मध्य-दक्षिण भागात होतो आणि त्यातही निम्म्याहून अधिक एकट्या साओ पावलो राज्यात. तो भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने ऋतू उलटे आहेत. आपले गाळप दसरा-दिवाळीला सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते, तेव्हा एप्रिलमध्ये त्यांचे बॉयलर पेटतात. आपला बहुतेक ऊस पाटाच्या किंवा उपशाच्या पाण्यावर, त्यांचा बहुतेक पावसावर; म्हणून तेथील दुष्काळ थेट बाजारात उतरतो. आपण लागणीनंतर एखाद-दुसरा खोडवा घेतो, ते एकदा लावलेल्या उसाची पाच-सहा वर्षे तोडणी करतात आणि ती बहुतांशी यंत्राने.

खरा फरक मात्र पेट्रोल पंपावर आहे. १९७३ च्या तेलसंकटाने ब्राझील हादरला आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये सरकारने उसापासून इंधन करण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. १९७९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी मोटार बाजारात आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथेनॉलची टंचाई होऊन लोकांचा विश्वास उडाला. आणि २००३ मध्ये दोन्ही इंधनांवर, कोणत्याही प्रमाणात, चालणारी मोटार आल्यावर तो परत बसला. आता तेथील कारखानदार खनिज तेलाचा भाव पाहून रस साखरेकडे वळवायचा की इथेनॉलकडे, हे ठरवतो. त्यामुळे आखातात तेल महागले की शिरोळच्या शेतकऱ्याच्या साखरेला भाव येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा नुकताच गाठला गेला; ब्राझील या रस्त्याने पन्नास वर्षे चालतो आहे, ठेचा खात खात.

उसाचा उलटा प्रवासही आपल्याला ठाऊक असावा. रस आटवून त्याची साखर करण्याची विद्या भारतातील. ‘शर्करा’ अरबांकडे ‘सुक्कर’ झाली आणि पोर्तुगिजांकडे ‘असुकार’. सोळाव्या शतकात ती त्यांच्यासोबत ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरली. तेथे आजही गूळ होतो. त्याला रापादुरा म्हणतात. मोठ्या काहिलीत रस आटवून लाकडी साच्यात ओततात. आपल्या ढेपेऐवजी विटेसारखी वडी पडते. करवीरच्या गुऱ्हाळावर वाढलेला माणूस तेथे वासावरून वाट काढेल.

परंतु या गोडव्याबद्दल लिहिताना एक गोष्ट गाळता येत नाही. ब्राझीलची साखर गुलामांनी पिकवली. तीन शतकांत आफ्रिकेतून सुमारे ४८ लाख माणसे साखळदंडात ब्राझीलमध्ये उतरवली गेली. अमेरिका खंडांत पोचलेल्या सर्व गुलामांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक. चरकात हात सापडला तर तोडता यावा म्हणून शेजारी कोयता ठेवलेला असे. पळून गेलेल्यांनी पाल्मारेस येथे डोंगरात आपली वसाहत उभारली आणि ती सतराव्या शतकात अनेक दशके टिकवली. तिचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला. तो दिवस आता तेथे राष्ट्रीय सुट्टीचा आहे. १३ मे १८८८ रोजी राजकन्या इझाबेलने गुलामगिरी संपवणाऱ्या कायद्यावर सही केली. पाश्चात्त्य गोलार्धात हे करणारा ब्राझील शेवटचा देश होता, आणि नुकसानभरपाई न मिळालेल्या मळेवाल्यांनी दीडच वर्षात सम्राटाला एकटे पाडले. सुटलेल्यांना मात्र ना जमीन मिळाली ना शाळा. मळ्यांवर कामाला इटलीहून आणि १९०८ पासून जपानहून माणसे आणली गेली.

कोल्हापूरच्या वाचकाला एक तारीख लावून पाहावीशी वाटेल. राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम १९०२ मध्ये काढला. ब्राझीलने केंद्रीय विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी, आणि त्यांत कृष्णवर्णीय, मिश्रवंशीय व मूळ रहिवासी यांचा वाटा ठरवून, राखण्याचा कायदा केला तो २०१२ मध्ये. त्यावरचे तेथील वाद वाचले तर नावे तेवढी परकी वाटतात.

प्रश्न : आमच्याकडचा काजू मूळचा ब्राझीलचा, असे मुलगा म्हणतो. खरे का? (एक गृहिणी, आजरा)

उत्तर : मुलाचे बरोबर आहे. झाड पोर्तुगिजांनी आणले आणि नावही तेथील तुपी भाषेतील ‘अकाजू’वरून आले, ‘अननस’ हा शब्दही त्याच भाषाकुलातला. पुढच्या एकादशीला खिचडीच्या पातेल्यातही पाहावे. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्याकडचा, भुईमूगही दक्षिण अमेरिकेतला, बटाटा अँडीज पर्वतातला आणि मिरचीही अमेरिका खंडांतूनच आलेली. उरले तूप, जिरे आणि मीठ.

प्रश्न : रिओसारखे शहर असताना राजधानी ब्राझिलिया का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : खेकड्यांना किनाऱ्यावरून हलवण्यासाठी. राजधानी आत न्यावी, हे १८९१ च्या संविधानातच लिहिले होते. ते अंमलात आणले जुसेलिनो कुबिचेक या अध्यक्षांनी. लुसिओ कोस्ता यांनी नगररचना केली, ऑस्कर नीमायर यांनी इमारती, आणि सुमारे १,१०० मीटर उंचीच्या ओसाड पठारावर साडेतीन-चार वर्षांत उभे राहिलेले शहर २१ एप्रिल १९६० रोजी राजधानी झाले. तारीख मुद्दाम निवडली होती : १७९२ मध्ये त्याच दिवशी पोर्तुगिजांविरुद्धच्या कटासाठी तिरादेंतेस, म्हणजे ‘दात उपटणारा’ या टोपणनावाचा क्रांतिकारक, फासावर गेला होता. चारच वर्षांनी लष्कराने सत्ता घेतली आणि १९८५ पर्यंत सोडली नाही; मोठमोठ्या रिकाम्या चौकांच्या, मोर्चेकऱ्यांपासून दूर असलेल्या राजधानीचा त्यांना उपयोगच झाला, असे म्हणणारेही आहेत. आजचे संविधान १९८८ चे आहे.

राजधानीमागून रस्ते आले आणि रस्त्यांमागून शेती. सेराडोची माती आम्लधर्मी, कुणी तिला पिकाची माती मानत नसे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय कृषी संशोधन संस्थेने चुना व स्फुरद घालून ती सुधारली आणि उष्ण हवामानात येणारे सोयाबीनचे वाण काढले; आज जगात सर्वाधिक सोयाबीन ब्राझीलमध्ये पिकते, आणि आपल्या सोयाबीनच्या दरावर त्याचीही सावली असते. त्याच पठारावर चरणारी पांढरी, वशिंडाची गुरे मूळची आंध्रच्या ओंगोल जातीची आहेत. नेल्लोरवरून तेथे त्यांना ‘नेलोर’ म्हणतात. त्यांच्यासाठी आणि सोयाबीनसाठी सेराडोचे जवळपास निम्मे मूळ रान आतापर्यंत तोडले गेले आहे, ॲमेझॉनच्या जंगलापेक्षा प्रमाणाने कितीतरी अधिक.